होडीच्या कव्हरचे पट्टे: दुरुस्ती, देखभाल आणि दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मे महिना अर्धा सरला की माझे फोन सुरू होतात. मी मालवणजवळच्या देवबागला राहतो, स्वतःची फायबरची होडी आहे आणि गेली काही वर्षं आजूबाजूच्या होड्यांची कव्हरं शिवून आणि दुरुस्त करून देतो. मे अखेरीला वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, म्हणजे सगळ्यांच्या होड्या एकाच आठवड्यात वर ओढल्या जातात आणि मग सगळ्यांना एकदम आठवतं की गेल्या वर्षी कव्हरचा एक पट्टा तुटला होता तो तसाच राहिलाय. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

ताडपत्री भारीतली घेतलीय, मग पट्ट्यांची एवढी चिंता कशाला?

कारण कव्हर जातं ते पट्ट्यापासूनच. मी आजवर जेवढी फाटलेली कव्हरं बघितली त्यातली बहुतेक मधून फाटलेली नव्हती, एक पट्टा ढिला झाला किंवा सुटला, तिथला कोपरा रात्रभर वाऱ्यात फडफडला आणि सकाळपर्यंत शेजारचे दोन पट्टे उखडले, अशी होती. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: पट्टा नुसत्या ताणाने फारसा तुटत नाही, तो हालचालीने तुटतो. स्थिर ताणलेला पट्टा चार महिने पाऊस खाऊन उभा राहतो, आणि जरासा ढिला पट्टा वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर झटका खातो, काठावर घासतो, टाके एकेक करून सोडतो. खाली जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून इथेच येतं.

माझ्या कव्हरला कसला पट्टा आहे ते कसं ओळखायचं? दुकानदार सगळ्यालाच नायलॉन म्हणतो.

हो, बाजारात सगळ्याच पट्ट्यांना नायलॉन पट्टी म्हणायची सवय आहे. खरं तर तीन प्रकार असतात: पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन आणि पॉलिस्टर. जुन्या पट्ट्याचा दोन इंचाचा तुकडा कापा आणि पाण्याच्या बादलीत टाकून बोटाने दाबा, आतली हवा निघून जाऊ दे. पुन्हा वर आला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. आता त्या दोघांतला फरक ओळखायला फूटभर तुकडा मोजून रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी ओला असतानाच ताणून बघा, नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की जास्त लांबतो, पॉलिस्टर जवळजवळ तसाच राहतो.

हे ओळखणं का महत्त्वाचं, तर जूनमध्ये तुम्ही कोरड्या हवेत नायलॉनचा पट्टा मस्त टाइट करून घरी जाता, रात्री पाऊस पडतो, पट्टा भिजून लांबतो आणि सकाळी कव्हर लोंबत असतं. लोक म्हणतात बकल सरकलं. बहुतेक वेळा बकल सरकलेलं नसतं, पट्टाच वाढलेला असतो.

मग नवीन कोणता घेऊ आणि किती रुंद?

पॉलिस्टर. उन्हाला नायलॉनपेक्षा चांगला टिकतो, भिजल्यावर वाढत नाही. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त पडतं पण आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हात ते फार लवकर कडक होऊन भुसा व्हायला लागतं, आणि घासण्यालाही कच्चं. तेच घ्यायची वेळ आली तर निदान काळं घ्या, काळ्या रंगातला कार्बन ऊन थोडं अडवतो. रंगीत पिवळे निळे पट्टे दिसायला छान, पण उघड्यावर ठेवायला नकोत.

रुंदी म्हणाल तर १५ ते २२ फुटी होडीच्या कव्हरला १ इंची पुरते, मोठ्या होडीला किंवा जिथे एकाच पट्ट्यावर जास्त ताण येतो तिथे (नाळेकडचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, आणि इंजिनाकडचा) दीड इंची. २ इंची पट्टा लावला की कव्हर जास्त टिकेल असं वाटतं, पण मग पट्टा शाबूत राहतो आणि कव्हरच फाटतं. पट्टे जाड करण्यापेक्षा वाढवा, दर दोन-अडीच फुटांवर एक.

पट्टा थोडा खराब झालाय, शिवून चालेल की बदलू?

हातात घेऊन बघा. रंग उडालाय एवढ्यावरून काही ठरवू नका. पट्टा दुमडून दुमडीवर नखाने खरवडा, पांढरी पूड निघाली किंवा धागे केसासारखे तुटून वर आले तर तो उन्हाने गेलाय, असा पट्टा शिवायचा नाही, कारण टाका घालाल तिथेच तुटेल. काठाला कट असेल तर बदला, मधोमध घासून नुसता केसाळ झाला असेल तर अजून वर्ष काढेल. आणि पट्टा धडधाकट पण शिलाई उसवलीय असं असेल (हे सगळ्यात जास्त वेळा असतं) तर फक्त शिलाई करा. दोरा नेहमी पट्ट्याच्या आधी जातो, बारीक असतो, ऊन त्याला आरपार खातं.

अर्धा पट्टा चांगला असेल तर खराब भाग कापून जोड देता येतो, पण जोड बकलमधून जाणाऱ्या भागात येता कामा नये, तिथे तो अडकेल आणि पट्टा कधी नीट घट्ट होणार नाही.

शिवायचं कसं? स्टेप बाय स्टेप सांगा ना.

आधी पट्टा गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा, मीठ असलेल्या पट्ट्यात सुई जड जाते आणि आतले खडे दोरा कापतात. जुने टाके ब्लेडने एक एक काढा, ओढून काढू नका, पट्ट्याचे धागे सुटतात.

पट्टा पट्ट्यावर जोडायचा असेल तर एकावर एक निदान रुंदीच्या तिप्पट यायला हवा, म्हणजे १ इंची पट्ट्याला ३ ते ४ इंच. मग चौकोन शिवायचा आणि चौकोनाच्या आत फुली मारायची, सामानाच्या बॅगांच्या बंदांना असते ती शिलाई. त्यात ताण चारी बाजूंना वाटला जातो. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा. इथे भरपूर लोक चुकतात, मजबूत व्हावं म्हणून त्याच जागी पाच-सहा वेळा आडवी शिलाई मारतात. पावतीबुकाचा कागद जसा भोकांच्या रेषेवर फाटतो तसा पट्टा मग त्या रेषेवर फाटतो. आडवी शिलाई कमी, उभी जास्त.

दोरा बॉन्डेड पॉलिस्टरचा घ्या. रिक्षाचे हूड आणि बाइकचे सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे मिळतो, तालुक्याच्या गावी एक तरी असा माणूस असतोच. कॉटनचा दोरा अजिबात नको, तो आपल्या पावसात कुजतो, आणि मासे पकडायची तंगूस (गळाची नायलॉन दोरी) सुद्धा नको, ती गुळगुळीत असते म्हणून टाका धरून ठेवत नाही आणि कडक असल्याने पट्ट्याचे धागे कापते. किनाऱ्यावर तंगूस हाताशी असते म्हणून सगळे तीच वापरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हाताने शिवणार असाल तर दाभणाने आधी भोकं पाडून घ्या, दोरा दुहेरी घ्या, मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या म्हणजे तो सरकतोही नीट आणि पाणीही कमी पितो, आणि उलटा टाका घाला, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढायची. वेळ लागतो, एका जोडाला अर्धा पाऊण तास, पण नीट घातलेला उलटा टाका मशीनच्या टाक्यापेक्षा एका बाबतीत बरा, एक टाका तुटला तर बाकीचे लगेच सुटत नाहीत.

घरच्या शिलाई मशीनवर होईल का?

पट्ट्याचे दोन थर कशीबशी घेईल, १८ नंबरची सुई लावा, मोटर बंद ठेवून चाक हाताने फिरवा. ताडपत्रीचे दोन थर आणि त्यावर पट्टा असं असेल तर नको, मशीनचं टायमिंग जातं आणि घरचेही बोलतात. हूडवाल्याकडे घेऊन जा. पण जाताना त्याला चौकोन आणि फुली कुठे हवी ते पेनाने आखून द्या, नाहीतर तो त्याच्या सवयीने सरळ दोन शिलाया मारून देईल.

पट्टा कापला की टोकं उसवत जातात, काय करू?

गरम करून वितळवायची. जुना चाकू गॅसवर तापवा आणि त्यानेच कापा, एका वेळी कापणं आणि सील करणं दोन्ही होतं. लायटर पण चालतो, फक्त काळं जळू देऊ नका, कडा चकचकीत झाली की बास. टोक तिरकं कापलंत तर बकलमध्ये घालायला सोपं जातं. वितळलेला भाग बोटाने दाबू नका, कातडीला चिकटतो.

आणि हे काम होडीत बसून करू नका. पेट्रोलची टाकी काढून ठेवली असली तरी वाफ तळाशी साचलेली असते, ती हवेपेक्षा जड असते आणि उघड्या होडीतूनही लवकर जात नाही. पट्टा काढून घरी आणा, उघड्या पडवीत बसा.

पट्टा ठीक आहे, पण तो जिथे कव्हरला शिवलाय तिथे कव्हरच फाटलं.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याला थोडं सविस्तर लिहितो. तिथे नुसतं ठिगळ लावून परत तसाच पट्टा शिवलात तर पुढच्या पावसात परत फाटणार. फाटण्याचं कारण शोधायला हवं, आणि ते बहुतेक दोनपैकी एक असतं.

पहिलं, ताणाची दिशा. पट्टा कव्हरच्या काठाला आडवा शिवलेला असतो आणि ओढ खाली असते, म्हणजे केळ्याचं साल सोलावं तसा पट्टा कव्हरवरून सोलला जातो, सगळा ताण पहिल्या दोन-तीन टाक्यांवर. पट्टा खाली ज्या दिशेने ओढला जाणार त्याच दिशेने, उभा, कव्हरवर वरपर्यंत ५-६ इंच न्यावा आणि मग शिवावा, म्हणजे सगळे टाके मिळून ताण घेतात. ज्यांना जमेल त्यांनी पट्टा एका काठापासून कव्हरच्या वरून दुसऱ्या काठापर्यंत सलगच न्यावा, मग कव्हरवर ताण येतच नाही, पट्टाच पट्ट्याला धरतो. मी आता नवीन कव्हरला असेच करतो.

दुसरं, मागे आधार नसणं. कव्हरच्या कापडाचाच तुकडा आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लावा, पट्ट्याच्या दुप्पट रुंद, आणि त्याचे कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा उचकटतो, गोल उचकटत नाही, कुठल्याही डिंकाने चिकटवा तरी हेच. पीव्हीसी ताडपत्री असेल तर पीव्हीसीचा सोल्युशन डिंक चालतो, जागा आधी स्पिरिटने पुसा, डिंक दोन्ही बाजूंना लावून जरा सुकू द्या आणि मग दाबा. विणलेली निळी प्लास्टिक ताडपत्री असेल तर डिंक नीट धरत नाही, तिथे शिलाईच. शिलाईच्या भोकांवर वरून मेण किंवा सीलर फिरवा, नाहीतर इंजिनावर थेंब थेंब गळत राहतं.

आयलेटची (दोरी ओवायच्या भोकाची) रिंग उखडून आली.

त्याच भोकात मोठी रिंग ठोकू नका. भोक ठिगळाने बंद करा आणि दोन इंच बाजूला नवीन रिंग मारा, आत कापडाचे तीन थर तरी पाहिजेत. रिंग पितळेची घ्या, हिरवी पडते पण टिकते, अॅल्युमिनियमची खाऱ्या हवेत पांढरी पूड होऊन जाते. खरं सांगायचं तर मला रिंगेपेक्षा शिवलेला पट्ट्याचा फासा जास्त आवडतो, गंजायला काही नाहीच.

बकल कुठलं चांगलं? स्टीलचं घेतलं तरी गंजलं.

स्टील म्हणून जे देतात ते बऱ्याचदा लोखंडावर चकचकीत मुलामा असतो. दुकानातच लोहचुंबक लावून बघा, घट्ट चिकटला तर ते बकल घेऊ नका. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ आणि ३१६ ग्रेडला चुंबक जवळजवळ धरत नाही. पण चुंबकाने ३०४ की ३१६ ते कळत नाही, त्यासाठी ग्रेडचा छाप बघा किंवा खात्रीच्या दुकानातून घ्या. समुद्रावर ३१६ बरं, ३०४ वर काही महिन्यांत तपकिरी ठिपके येतात, ते पुसले जातात, लगेच मोडत नाही.

स्कूलबॅगेला असतात तसे प्लास्टिकचे चाप बकल हलक्या ताणाला चालतात, पण उन्हाने त्यांचे कान ठिसूळ होतात. दोन जास्तीचे घरात ठेवाच.

अडकलेल्या बकलला ग्रीस लावू नका. ग्रीस वाळू धरतं आणि मग ते सँडपेपरसारखं पट्टा कापतं. गरम गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, नव्वद टक्के वेळा ते मीठच असतं. कव्हरची चेन (झिप) अडकत असेल तर मेणबत्ती घासा.

किती टाइट करायचं? ट्रकवाल्यांचं रॅचेट लावू का?

रॅचेट (दांडा मागेपुढे करून पट्टा आवळायचं बकल) नको, मी सगळ्यांना हेच सांगतो. त्यात हाताच्या जोराच्या कितीतरी पट ताण बसतो आणि कळतही नाही, मग फायबरचा काठ दबतो किंवा कव्हरची शिवण जाते. रॅचेट ट्रकवर माल बांधायला आहे. हाताने ओढायचं साधं दाबाचं बकल पुरे. ओढून झाल्यावर पट्टा मधोमध दोन बोटांनी उचला, इंचभर उचलला जावा. त्याहून जास्त उचलला तर ढिला.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी एकदा परत जाऊन सगळे ओढा. नवीन पट्टा आणि नवीन कव्हर दोन्ही सुरुवातीला जरा सैल पडतात. ही एक फेरी मारलीत तर सीझनभराचं अर्धं काम झालं. आणि दोरी वापरणाऱ्यांनो, निरगाठ मारू नका, भिजली की सुटत नाही आणि मग लोक सुरीने कापतात. सुरगाठ मारा.

वाऱ्यात पट्टा भुंग्यासारखा आवाज करतो.

पट्ट्याला एक पीळ द्या, एकच. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, पीळ दिला की वारा त्याला सलग पकडू शकत नाही आणि थरथर थांबते. आवाजाचा त्रास तर जातोच पण ती थरथर टाके सोडवत असते. मला हे एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, वीस सेकंदांचं काम आहे.

पट्टा होडीच्या रंगावर घासून पांढरे पट्टे पडलेत.

सायकलची जुनी ट्यूब कापा आणि पट्टा तिच्यातून ओवा, बरोबर काठावर येईल अशी. बागेतला पाइप उभा चिरूनही चालतो. बांधण्याआधी होडीची बाहेरची बाजू धुवून घ्या, पट्ट्याखाली वाळू राहिली तर ट्यूब असूनही ओरखडे येणार. बकल होडीला टेकणार नाही असं जरा खाली घ्या.

सगळं घट्ट बांधलं तरी मधे पाणी साचतं आणि पट्टे तुटतात.

यात पट्ट्यांचा दोष नाही, खाली आधार नाही म्हणून होतंय. तीन फूट बाय तीन फुटाचा आणि चार इंच खोल खळगा धरा, त्यात सुमारे ८५ लिटर पाणी मावतं, म्हणजे एक मोठा माणूस कव्हरवर झोपलाय. तो सगळे पट्टे आत ओढतो, खळगा आणखी खोल होतो, आणखी पाणी. होडीच्या लांबीला मधोमध बांबू किंवा प्लास्टिकचा पाइप टाकून घराच्या आढ्यासारखा उतार द्या. बांबूचे पेर घासून घ्या आणि वर जुनं गोणपाट गुंडाळा. दोन्ही टोकांना थोडी फट ठेवा, हवा खेळली पाहिजे, नाहीतर गणपतीत कव्हर उघडाल तेव्हा आत सगळीकडे बुरशी. आमच्याकडे जुनी माणसं होड्या माडाच्या झावळ्यांनी शाकारायची, त्यात पाणी उतरायचं आणि हवा पण जायची, प्लास्टिकच्या कव्हरला ती हवा आपण मुद्दाम द्यावी लागते.

पट्टे धुवायचे कशाने?

गोडं पाणी आणि साधा अंगाचा साबण. कपड्यांचं ब्लीच अजिबात नाही, नायलॉन त्याने सडतो आणि दोरा कमजोर होतो, दिसायला पांढरंशुभ्र आणि ओढलं की तुटतं. बुरशी असेल तर व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून तासभर ठेवा. गंजाच्या डागाला लिंबू चोळून ठेवा आणि मग खळखळून धुवा. वाळवायचे सावलीत. मीठ ठेवून गुंडाळलेला पट्टा कधी कोरडा होत नाही, मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं.

उंदरांनी कुरतडले.

मासळीचा वास हे कारण. जाळ्याबरोबर ठेवू नका. धुवून, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात.

आमची बोट धरणात आहे, तापोळ्याला, तिथे मीठ नाही मग एवढं करावं लागतं का?

बकलांचा त्रास खूप कमी, तिथे ३०४ आरामात चालेल. पण ऊन तेच आणि पाऊस तर तिकडे आमच्यापेक्षा जास्त, त्यामुळे पट्टा पॉलिस्टरचाच, आणि उतार आमच्यापेक्षा जास्त द्या. शेवाळ धरतं ते ब्रशने काढा. बोट पाण्यातच बांधलेली असेल तर पाण्याची पातळी वाढते तशी ती सरकते, कव्हरचा पट्टा चुकूनही धक्क्याला बांधू नका.

वादळाचा इशारा आला तर जादा पट्टे मारू का?

तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, आम्ही तेच केलं होतं. कव्हरवरून आणखी चार दोऱ्या मारल्या. कव्हर फुगलं आणि त्याने होडीच एका बाजूला उचलून आपटली, काठ फुटला. कव्हर म्हणजे शीड आहे हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं. आता इशारा आला की आम्ही कव्हर पूर्ण काढतो, छत काढतो, इंजिन उतरवून घरात नेतो, तळाचं बूच काढून ठेवतो म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं, आणि होडी वेगळ्या जाड दोरांनी जमिनीला बांधतो. कव्हरचे पट्टे होडी धरायला नसतात. आणि कव्हरला लोंबकळणाऱ्या वाळूच्या पिशव्या असतील तर त्या सगळ्यात आधी काढा, वाऱ्यात त्या हातोड्यासारख्या आपटतात.

रात्री मध्येच पट्टा तुटला, घरात दुसरा नाही. काय करू?

तुटलेल्या जागी कव्हरच्या आतून एक गुळगुळीत गोटा किंवा टेनिसचा बॉल ठेवा, बाहेरून कापडासकट त्याला दोरीने आवळा, म्हणजे एक मूठ तयार होते. त्या मुठीला दोरी बांधून खाली न्या आणि सुरगाठ मारा. भोक पाडायला लागत नाही, कापड फाटत नाही. पण सकाळी जाऊन शेजारचे दोन्ही पट्टे नक्की बघा, एकाचा भार रात्रभर त्यांनी घेतलेला असतो.